कॅम्पवर रांधायला लाकडाची फिरती चूल: कुठली घ्यावी?

घाटचढ्या | ४ नोव्हेंबर, रात्री ९.४०

मंडळी, सल्ला हवाय.

आम्ही पाच जण (मी, बायको, दोन मुलं आणि मेहुणा) वर्षातून तीन-चारदा तंबू घेऊन बाहेर राहतो. बहुतेक वेळा गोव्यात नेत्रावळीच्या अलीकडे मेहुण्याच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत), कधी चोर्ल्याच्या बाजूला ओळखीच्यांच्या काजूच्या बागेत. आजवर गॅसच्या छोट्या बाटलीवर भागवलं. गेल्या फेब्रुवारीत दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि बाटली फुस्स करून संपली. पाच माणसं कोमट पाण्यात तरंगणाऱ्या चहापत्तीकडे बघत बसली. आजूबाजूला माडाची चुडतं, करवंट्या, सुपारीच्या विऱ्या नुसत्या पडलेल्या, आणि आम्ही गॅससाठी हळहळतोय. सासऱ्यांनी त्यावर जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

तर लाकडावर चालणारी, नेता-आणता येईल अशी चूल घ्यायचीय. नेटवर आठ दिवस डोकं घातलं आणि गोंधळ तेवढा वाढला. एक प्रकार दुहेरी भिंतीचा, गोल डब्यासारखा, त्याला वुडगॅस म्हणतात. सोलो स्टोव्ह लाइट त्यातलाच, वजन २५५ ग्रॅम. दुसरा घडीचा: पत्रे एकमेकांत अडकवायचे, काम झालं की वहीसारखे मिटवायचे. तिसरा रॉकेट, कोपरात वाकवलेल्या हातासारखा, जड. चौथा बायोलाइट, जो स्वतःच्याच उष्णतेवर वीज करून पंखा फिरवतो आणि वर फोनही चार्ज करतो. (मुलगा अर्थातच चौथ्याच्या बाजूने.)

अपेक्षा एवढ्याच: पाच जणांचा भात-आमटी व्हावी, धूर कमी व्हावा, पाठीवरच्या पिशवीत मावावी, खाऱ्या हवेत गंजू नये, तीन-चार हजारांत बसावी. कोणी वापरलीय का?

चिरेबंदी | ४ नोव्हेंबर, रात्री ९.४६

तीन चिरे घ्या. फुकट, गंजत नाहीत, पाच जणांचाच काय पन्नास जणांचा भात होतो. पिशवीत मावण्याचं तेवढं विचारू नका.

घाटचढ्या | ४ नोव्हेंबर, रात्री ९.५१

सासरेबुवा, तुम्ही इथे कधी आलात?

वाळपयकार | ४ नोव्हेंबर, रात्री १०.३०

पाच जणांचा भात आणि पाठीवरची पिशवी एका चुलीत बसत नाहीत. आधी त्यातलं एक सोडा, मग बोलू.

माझ्याकडे दुहेरी भिंतीची चार वर्षं आहे. तिची गंमत अशी की लाकूड वरून पेटवायचं. करंगळीएवढ्या जाडीचे, बोटभर लांबीचे सुके तुकडे आत रचायचे, वरच्या भोकांच्या खालीच थांबायचं, आणि पेटवण वर ठेवायची. आग वरून खाली येते. खालून शिरलेली हवा दोन भिंतींमधून चढताना तापते आणि वरच्या भोकांतून आत येते. तिथे मग धूरच पेटतो. कडेने गॅसच्या शेगडीसारखं ज्वाळांचं कडं दिसलं की समजायचं, जमलं. ते कडं बघायला सगळे गोळा होतात. पाच मिनिटांनी परत लाकूड घालायची वेळ येते तेव्हा मात्र कोणी नसतं.

लिटरभर पाणी आठ-दहा मिनिटांत उकळतं. दोघांचा चहा, मॅगी, अंडी, झकास. मोठा टोप ठेवला की डुलतो. शिवाय टोप रुंद असेल तर चुलीचं तोंड दबतं आणि सगळा धूर तुमच्या डोळ्यांत.

राखमिठू | ४ नोव्हेंबर, रात्री १०.४८

वाळपयकारांना +१. मी ती पहिल्यांदा खालून पेटवली आणि वर काठोकाठ भरली. वीस मिनिटं शेजारच्या तंबूवाल्यांना धुरी देत होतो. डास गेले, शेजारीही गेले.

धातुवेडा | ५ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

थोडं गणित करू, म्हणजे वाद कमी होतील (होत नाहीत, माहीत आहे).

लिटरभर पाणी २८ अंशांवरून उकळायला साधारण ३०० किलोज्यूल लागतात. हवेत नीट वाळलेल्या लाकडाच्या किलोत १५-१६ मेगाज्यूल असतात. तीन चिऱ्यांवर त्यातले दहा-पंधरा टक्केच भांड्यात जातात, म्हणजे लिटरमागे दीडशे-दोनशे ग्रॅम लाकूड. चांगल्या रॉकेटमध्ये तीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम. चिरेबंदींची चूल फुकट खरी, पण तिला दुपटीहून जास्त खायला लागतं.

रॉकेट चूल हे लॅरी विनियार्स्की यांचं काम, १९८० च्या दशकातलं, अमेरिकेत ओरेगनमधल्या अप्रोवेचो संस्थेतलं. युक्ती साधी आहे. जाळ जिथे होतो ती नळी बाहेरून उष्णतारोधक भरून गरम ठेवायची, म्हणजे वायू भांड्याला लागण्याआधीच पुरता जळतो. भांडं थंड असतं. अर्धवट जळलेला वायू त्याला लागला की काजळी धरते.

धातूबद्दल: स्टेनलेस स्टील घ्याल तर ३०४ नंबरच्या प्रतीचं. २०२ चं स्वस्त असतं, दिसतं तसंच, पण समुद्राकाठी डाग धरतं. टायटॅनियम गंजत नाही, हलकं असतं, पण पातळ पत्रा तापून वाकतो आणि खिसाही वाकतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची चूल करू नका, कोणी देऊ केली तरी घेऊ नका. जस्ताचा मुलामा जाळात वितळतो, त्याच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंगवाल्यांना विचारा.

बायोलाइट यंत्र म्हणून मला आवडतं. पण वजन किलोच्या आसपास, बजेटच्या बाहेर. मुलाला पॉवरबँक घेऊन द्या.

आज्जीची फुंकणी | ५ नोव्हेंबर, दुपारी १.०५

धातुवेडा, तुमचे टक्के मान्य, पण हे सगळं परदेशातून आलं असं वाचून जरा हसू आलं.

आमच्या जुन्या घरी न्हाणीत तांब्याचा बंब होता. मधोमध नळी, तिच्यात खालून करवंट्या आणि ढलप्या, भोवती पाणी. हल्ली 'केली केटल' म्हणून आयर्लंडची किटली विकायला असते, तीही अशीच: मधे धुराडं, भोवती दुहेरी भिंतीत पाणी. आमच्या बंबाची नातच ती. आणि भुशाची शेगडी कोणाला आठवते का? पत्र्याच्या डब्याला खाली बाजूला भोक, मधे बाटली उभी करायची, बाटलीभोवती लाकडाच्या गिरणीतला भुसा ठेचून ठेचून भरायचा, खालच्या भोकातून एक काठी बाटलीपर्यंत सरकवायची. मग बाटली आणि काठी हलकेच फिरवून काढली की आत कोपराचा बोगदा तयार. एकदा पेटली की दोन-तीन तास हूं की चूं न करता जळायची. आजी तिच्यावर उकड्या तांदळाची पेज ठेवून देवळात जाऊन यायची. तुमच्या दुहेरी भिंतीवर पेज ठेवून देवळात जाऊन दाखवा!

धुराचं म्हणाल तर चूल धुरत नाही, ओलं लाकूड आणि घाईचा माणूस धुरतात.

धातुवेडा | ५ नोव्हेंबर, दुपारी १.२०

भुशाची शेगडी! मानलं. तोच बोगदा, आणि भुसाच स्वतःचं वेष्टण. बाटली काढताना भुसा ढासळला की मात्र पहिल्यापासून.

आज्जीची फुंकणी | ५ नोव्हेंबर, दुपारी १.२४

तेव्हा आजीचं तोंड बघायचं नाही.

मुठेकाठचा | ५ नोव्हेंबर, सायंकाळी ६.३०

मस्त धागा. मी पुण्याहून डिसेंबरात चार मित्रांबरोबर येतोय. घडीची चूल आहे माझ्याकडे. रात्री बीचवर लावून मासे भाजायचा विचार आहे. मोरजी किंवा आश्वे. सरपण तिथे मिळेल ना?

पेडण्याची पोर | ५ नोव्हेंबर, सायंकाळी ६.४४

सरपण मिळेल. पावतीही मिळेल.

पर्यटनस्थळांच्या संरक्षणाचा जो गोव्याचा कायदा आहे त्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. उघड्यावर स्वयंपाक आणि दारू दोन्ही बंद. दंड तेव्हा एकट्याला दोन हजार, घोळक्याला दहा हजार ठरला होता. बसमधून उतरून रस्त्याकडेला पातेली मांडणाऱ्यांमुळे हे झालं, आणि आम्हाला त्याचं वाईट वाटलेलं नाही.

दुसरं, मोरजी आणि आश्वे-मांद्रे ही कासवांची किनारपट्टी आहे. ऑलिव्ह रिडले कासवं थंडीत अंडी घालायला येतात. वाळूवरचा उजेड आणि माणसांची वर्दळ बघून मादी अंडी न घालताच परत जाते, पिल्लं उजेडाकडे भरकटतात. काणकोणला गालजीबाग आणि आगोंदलाही तेच. तुमचा बांगडा एखाद्या घरच्या परसात भाजा. हवं तर मी परस देते, बांगडे तुम्ही आणा.

मुठेकाठचा | ५ नोव्हेंबर, सायंकाळी ७.०२

कान पकडले. बांगडे किती आणू?

दर्यावर्दी | ५ नोव्हेंबर, रात्री ८.१०

अवांतर पण कामाचं: समुद्रातून वाहून आलेलं लाकूड परसातही जाळू नका. त्यात मीठ मुरलेलं असतं, स्टीलला बारीक खड्डे पडतात. माझ्या नव्या चुलीचा तळ एका मोसमात चाळणी झाला. मीच सुरूच्या बनातलं सुकं सरपण सोडून 'छान दिसतंय' म्हणून ते उचललं होतं.

आणि एक. पाऊस आला म्हणून तंबूच्या तोंडाशी, पडद्याच्या आत चूल घेतली होती एकदा. आमटी झाली, पण दोघांची डोकी ठणकायला लागली तेव्हा कळलं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. निखारे विझल्यासारखे दिसले तरी तो येत असतो. चूल तंबूबाहेरच, निखाऱ्यांसकट.

गस्तवाला | ५ नोव्हेंबर, रात्री ९.३५

घाटचढ्या, कुळागर मेहुण्याचं आहे हे बरं. पण नेत्रावळी म्हटल्यावर सांगावंसं वाटलं. अभयारण्याच्या हद्दीत आग पेटवायचा विचार मनातही आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ३०. राखीव जंगलासाठी १९२७ च्या वन कायद्यातलं कलम २६ आहे. चूल छोटी की मोठी, ते कोणी विचारत नाही.

मार्च २०२३ आठवा. म्हादईच्या अभयारण्यात आणि आणखी कितीतरी ठिकाणी वणवे लागले, नौदलाची हेलिकॉप्टरं बादल्यांनी पाणी ओतत होती. आम्ही खाली झाडांच्या डहाळ्यांनी आग झोडपत होतो. सुकलेलं गवत किती पटकन घेतं ते बघितल्यावर मी स्वतः फेब्रुवारी ते पाऊस पडेपर्यंत बाहेर लाकूड पेटवत नाही, खाजगी जागेतही. त्या दिवसांत गॅसच बरा, बटण बंद केलं की विझतो.

बाकी महिन्यांत: चुलीखालचा पाचोळा हातभर लांबवर झाडून काढा, पाण्याची बादली आधी, काडी नंतर. राख हाताला गरम लागतेय तोवर निघायचं नाही.

चिरेबंदी | ५ नोव्हेंबर, रात्री ९.४८

गस्तवाल्यांना शंभर टक्के. यावर विनोद नाही.

भट्टीवाला | ६ नोव्हेंबर, सकाळी ७.२०

सगळे चुलीवर बोलताहेत, लाकडावर कोणी बोलेना म्हणून लिहितो.

आमची काजूची भट्टी आहे, आजोबांपासून. फेणी काढताना सगळा खेळ जाळाचा. जास्त झाला की रस उतू येऊन नळीत शिरतो, कमी झाला की धार तुटते. त्यामुळे कुठलं लाकूड कसं वागतं ते पोरपणापासून बघतोय. किंदळ, ऐन सावकाश जळतात, निखारा धरतात. भात मुरायला असला निखारा हवा. सुरू आणि अकेशिया तडतडून पेटतात, मोठा जाळ देतात, चहाला ठीक. करवंटी म्हणजे घासलेट! दोन तुकड्यांत चूल उठते, पण काळा धूर करते आणि दहा मिनिटांत संपते. पेटवायला ती वापरा, शिजवायला नाही. नारळाच्या सोडणाचा काथ्या पिंजून ठेवा, ठिणगी धरतो. चुडताचे हीर वाळलेले असले की कागद लागत नाही.

आता काय जाळायचं नाही ते. काजरा, कण्हेर हे विषारी, त्यांची काठी ढवळायलाही नको. बिब्याच्या जातीच्या झाडाचा चीक अंगावर फोड आणतो. धुराजवळही उभं राहू नका. काजूचं लाकूड चालतं, पण बियांची टरफलं चुलीत टाकू नका. त्यांतलं तेल भडकतं आणि त्याचा धूर तोंडाला लागला की दुसऱ्या दिवशी आरशात वेगळाच माणूस. प्लायवूड, रंगवलेलं लाकूड, जुनी खिडकी वगैरेही नको.

उभं झाड तोडायचं नाही हे सांगायला नकोच. पडलेलं पुरतं.

राखमिठू | ६ नोव्हेंबर, सकाळी ७.४१

फेणीवर चूल पेटते का हो?

भट्टीवाला | ६ नोव्हेंबर, सकाळी ७.५५

चांगली फेणी तापवली तर निळी ज्योत धरते. पण मग भट्टीवाला पेटतो. उर्राक (फेणीच्या आधीची हलकी धार) तर पेटतही नाही, ती प्यायलेला पेटतो.

आज्जीची फुंकणी | ६ नोव्हेंबर, सकाळी १०.३०

भट्टीवाले, वा! एक भर. पावसाळ्यानंतर नोव्हेंबरातसुद्धा जमिनीवर पडलेलं लाकूड आतून ओलंच असतं. झाडावरच अडकून वाळलेली फांदी शोधावी. मोडताना 'कट्' असा कोरडा आवाज आला तर ती आपली, नुसती वाकली तर सोडून द्यावी. जाड ओंडका असेल तर फोडून मधला गाभा आधी वापरावा.

टोपाच्या बुडाला बाहेरून चिखलाचा पातळ लेप द्या. काजळी मातीबरोबर निघून जाते.

धातुवेडा | ६ नोव्हेंबर, सकाळी ११.१०

ओल्या लाकडाबद्दल एक गैरसमज काढतो. पाणी उडवण्यात उष्णता जाते हे खरं, पण मोठं नुकसान वेगळंच आहे. जाळाचं तापमान पडतं, मग लाकडातून निघालेला वायू पेटतच नाही, धूर होऊन निघून जातो. दुहेरी भिंतीच्या चुलीचा सगळा डोलारा तो वायू पेटण्यावर उभा आहे. म्हणून ती ओल्याला सगळ्यात आधी रुसते. तीन चिरे काहीही खाऊन घेतात. चिरेबंदी, हा मुद्दा तुमचा.

चिरेबंदी | ६ नोव्हेंबर, सकाळी ११.१४

स्क्रीनशॉट घेतला.

घाटचढ्या | ६ नोव्हेंबर, रात्री ९.१५

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. एक कबुली. गाडीपासून तंबूपर्यंतचं चालणं कुळागरात दहा मिनिटांचं आहे. काजूच्या बागेत गाडी तंबूला टेकूनच लागते.

वाळपयकार | ६ नोव्हेंबर, रात्री ९.२०

मग पाठीवरची पिशवी कुठून आली?!

घाटचढ्या | ६ नोव्हेंबर, रात्री ९.२२

ट्रेकर दिसायला बरं असतं हो.

गॅसकटर | ६ नोव्हेंबर, रात्री १०.०५

गाडी जवळ असेल तर विकत कशाला घेताय, करून घ्या. मी कुडचड्याला फॅब्रिकेशन करतो, स्वतःसाठी दोन केल्यात.

तेलाचा १५ किलोचा डबा घ्यायचा. आत चार इंची लोखंडी पाइपचा कोपर, पाइप किमान दोन मिलिमीटर जाड आणि काळा, मुलामा नसलेला (धातुवेडांनी सांगितलंच आहे). नुसत्या डब्याच्याच पत्र्याचा कोपर केलात तर आठ-दहा वेळा पेटवल्यावर आतून खाऊन जातो. उभी नळी व्यासाच्या दुप्पट ते तिप्पट उंच. पाइप आणि डबा यांच्यामधे चाळलेली कोरडी राख गच्च भरायची, वाळू नाही. वाळू उष्णता पिऊन घेते. लाकूड सरकवायच्या तोंडात मधोमध एक आडवी पट्टी हवी: वर लाकूड, खालून हवा. ही पट्टी लोक विसरतात, मग रॉकेटचा धुराडा होतो. वर तीन खुंट, टोप आणि नळी यांच्यात बोटभर फट.

काठ्या लांबच राहू द्यायच्या, टोकं जळतील तशा आत ढकलायच्या. कुऱ्हाड लागत नाही, सारखं उठावं लागत नाही. राखेसकट वजन सहा-सात किलो.

मुठेकाठचा | ६ नोव्हेंबर, रात्री १०.१२

पुण्याला पाठवता का?

गॅसकटर | ६ नोव्हेंबर, रात्री १०.२०

राख तुम्ही भरणार असाल तर.

घाटचढ्या | २९ डिसेंबर, रात्री ८.५०

धागा वर काढतोय, वृत्तांत देणं बाकी होतं.

नाताळच्या सुट्टीत तीन रात्री कुळागरात काढल्या. दोन चुली नेल्या: वाळपयकारांनी उधार दिलेली दुहेरी भिंतीची (देव बरें करूं!), आणि इथली कृती घेऊन गावच्या वेल्डरकडून करवून घेतलेलं डब्याचं रॉकेट. खर्च बजेटच्या निम्म्याहून कमी.

पहिली संध्याकाळ फसली. दोष चुलीचा नाही. मेहुण्याने 'सुकंच आहे' म्हणून आणलेला भारा पोफळीच्या बुंध्याशी, पाटाच्या काठावर पडलेला होता. 'कट्' आवाज कोणी ऐकला नाही, कारण मोडून बघितलाच नाही. दुहेरी भिंतीची रुसली ती रुसलीच. रॉकेटने धूर ओकत का होईना अर्ध्या तासात पाणी तापवलं. रात्री पाव आणि सुकटाची किसमूर खाऊन झोपलो. पाव आणला होता ही बायकोची दूरदृष्टी, आणि ते मला तीन दिवस ऐकावं लागलं.

दुसऱ्या दिवशी गड्याने गोठ्याच्या माळ्यावरचं सरपण काढून दिलं. मग काय! सकाळचा चहा छोट्या चुलीवर, दोन कपांचं आधण सहा मिनिटांत. मुलगा ज्वाळांचं कडं बघून बायोलाइट विसरला. दुपारी रॉकेटवर पाच जणांचा भात आणि तोय (पातळ वरण). भात साधा, चाळीस मिनिटांत दोन्ही उतरलं. तिसऱ्या दिवशी हट्टाने उकड्या तांदळाची पेज लावली, रात्रभर भिजवून. तास लागला, पण माणूस बसून होता तो एकच, काठ्या ढकलत. हीच पेज छोट्या चुलीवर केली असती तर तुकडे घालून घालून हात दुखले असते.

जी गोष्ट चुकली ती सांगतो. पट्टी लावली, राख भरली, पण टोपाखालची फट बोटभर ऐवजी दोन-अडीच बोटं झाली. वारा आला की जाळ एका बाजूला पळायचा. मग भोवती पत्र्याचं कडं लावलं, तेव्हा सुधारलं. आणि लेप द्यायला विसरलो. टोप अजून घासतोय.

घडीची घेतली नाही. आमच्या पाच जणांना तिचं काही नडलं नाही.

आज्जीची फुंकणी | २९ डिसेंबर, रात्री ९.१०

पेज भिजवून लावली हे वाचून बरं वाटलं. देवळात जाऊन आलात का?

घाटचढ्या | २९ डिसेंबर, रात्री ९.१३

अर्ध्या वाटेवरून परत आलो. धीर झाला नाही.

गॅसकटर | २९ डिसेंबर, रात्री ९.३०

फट कमी करायला खुंट घासा, नवीन लावू नका. आणि पावसाळ्यात राख काढून ठेवा. ती दमट होते, मग पाइप बाहेरून गंजतो.

गस्तवाला | २९ डिसेंबर, रात्री ९.४४

खाली काय ठेवलं होतंत? डब्याचा तळ तापतो, पाचोळा आतल्या आत धुमसत राहतो.

घाटचढ्या | २९ डिसेंबर, रात्री ९.५०

जागा झाडून घेतली होती, बादली शेजारी. डबा जमिनीपासून वर उचलून ठेवला होता.

चिरेबंदी | २९ डिसेंबर, रात्री ९.५१

कशावर?

घाटचढ्या | २९ डिसेंबर, रात्री ९.५८

... तीन चिऱ्यांवर.

राखमिठू | २९ डिसेंबर, रात्री १०.०३

😂😂 सासरेबुवा जिंकले.

वाळपयकार | ३० डिसेंबर, सकाळी ८.२०

ते असू दे, माझी चूल कधी परत करतोस? रविवारी सुर्ल्याला चाललोय.

घाटचढ्या | ३० डिसेंबर, सकाळी ८.३५

मेहुण्याकडे आहे. तो म्हणतो आठ दिवस राहू दे, सकाळच्या चहाची सवय लागलीय. शनिवारी म्हापशाच्या वाटेवर आणून देतो.